पाच हजारांचा रिपोर्ट

दुपारी लॅबच्या दारात तिची आणि नव्या डॉक्टरची टक्करच झाली. तिच्या हातातला ट्रे वाचला, त्याच्या हातातला रिपोर्ट मात्र खाली पडला. उचलायला दोघंही वाकली, नजरेला नजर भिडली... आणि त्याने तोंड उघडून सगळ्याची माती केली.

"हे सॅम्पल बदललंय तुमच्याकडून. लिव्हरचे आकडे चाळीसच्या जागी पाच हजार, आणि पेशंटचे डोळे पांढरे स्वच्छ! कावीळ नाही, काही नाही. सकाळीच बाजूला ठेवला होता मी हा रिपोर्ट."

"सकाळीच?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते रक्त मी माझ्या हाताने काढलंय, डॉक्टर. माझी ताई आहे ती! सातवा महिना आहे तिला. तीनदा मशीनला लावलं, तीनदा तेच आलं. आणि तुम्ही... बाजूला ठेवलात?"

माणूस देखणा होता, पण त्या क्षणी तिला त्याचा गळा धरावासा वाटला.

"पुढचं पान वाचलंत? पांढऱ्या पेशी निम्म्यावर आल्यात. रक्त गोठायला वेळ लागतोय. ताप चार दिवस हटत नाहीये."

त्याने पान उलटलं आणि त्याचा चेहरा उतरला. "गरोदरपण... ताप... पेशी कमी, कावीळ नाही... हर्पीस. विषाणू लिव्हरमध्ये शिरलाय."

"तिच्या अंगावर एक फोड नाही!"

"पुष्कळदा नसतोच. खात्रीच्या तपासणीला दोन दिवस—"

"तिच्याकडे आहेत दोन दिवस?"

"नाहीत." तो वळलाच. "त्या विषाणूवरचं औषध, ॲसायक्लोव्हिर, आत्ता शिरेतून सुरू करतो. लिव्हर बदलणाऱ्या टीमलाही कळवतो. रिपोर्ट येईल तेव्हा येईल."

रिपोर्ट आला, हर्पीसच होता. तोवर ताईचा ताप उतरू लागला होता आणि बाळाचे ठोकेही नीट होते. तिचा राग तेवढा उतरला नव्हता. डॉक्टर मात्र रोज सकाळी ताईचं रक्त स्वतः घेऊन यायचा आणि आकडा येईपर्यंत मशीनपाशी उभा राहायचा.

आठव्या दिवशी आकडा तीनशेवर आला. तिला रडू फुटलं.

"अजून रागावलायत?" त्याने हळूच विचारलं.

"हो! पाच तास घालवलेत तुम्ही तिचे."

"माहीत आहे. मला ते विसरायचंही नाही. तुम्ही... आठवण करून द्यायला जवळ असाल?"

"मी फार रागीट आहे, डॉक्टर. जन्मभर रागवेन."

"जन्मभर ना?" त्याने घाईघाईने विचारलं.

तिचे कान तापले. रागानेच, असं तिने स्वतःला बजावलं.

"हो," ती म्हणाली. "जन्मभर."