ओंब्या धरलेली बाई

डिचोलीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तरुणानं माझ्या तळहातावरचं नाणं पाहिलं आणि ओळख ना पाळख, एकदम विचारलं, "हे चिंचेनं घासलंत?"

"मग कशानं घासायचं?"

जुन्या कांस्यावरचा हिरवा थर म्हणजे त्याचं वय, आणि तेच मी धुऊन टाकलं, असं त्यानं मला भर बसमध्ये सुनावलं. मी तापलेच. आमोण्याला आमच्या मिरचीच्या वाफ्यात मला सापडलेलं नाणं, मी सोनाराला दाखवायला निघालेली — हा कोण बोलणारा?

गौरेश. गाव तुये, नोकरी पणजीच्या एका संग्रहालयात. नाणं रोमचं, अठराशे वर्षांपूर्वीचं, म्हणाला. एका बाजूला दाढीवाला राजा. दुसऱ्या बाजूला उभी बाई, हातात गव्हाच्या ओंब्या, बाजूला जहाजाचं टोक. ही धान्याची देवी, त्यानं सांगितलं. मी म्हटलं, देवी अशी एका पायावर भार टाकून उभी राहत नाही. ही दिवसभर राबून दमलेली बाई आहे. तो नाण्याकडे बघत राहिला... मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.

पुढं दर रविवारी तो नाण्याचं चित्र काढायला घरी येऊ लागला. आई चहाबरोबर उंडे, म्हणजे आमच्याकडचे कडक गोल पाव, द्यायची. मी बघतेय असं कळलं, की तो उगाच पेन्सिलीला टोक करत बसायचा. त्याच्या शब्दावर मी नाणं संग्रहालयाला देऊन टाकलं.

ते मांडलं त्या दिवशी नवी साडी नेसून मी पणजीला गेले. काचेमागं पाटी होती : 'आमोणे येथील एका अडाणी स्त्रीस सापडले. तिच्या हातून खराब झाले.'

अडाणी! मी म्हापशाला बी. ए. केलं होतं, गावच्या मराठी शाळेत शिकवत होते. आणि नाव? नावच नाही.

पाटी संग्रहालयाच्या साहेबांनी लिहिली, गौरेश पुटपुटला.

"पाटीखालची सही कुणाची?"

"...माझी."

"वाचून केलीस?"

आजवर मी त्याला अहो-जाहो करत होते. त्यानं मान खाली घातली. मी निघून आले.

महिनाभर त्याचं तोंड पाहिलं नाही. मग एका सकाळी वर्तमानपत्रात त्याचं पत्र आलं. नाणं विनोदिनी गावस या शिक्षिकेला सापडलं, बाईच्या उभं राहण्यातला थकवाही आधी त्यांनीच ओळखला, आणि खोट्या पाटीवर सही आपण केली, असं त्यानं स्वतःच्या नावानं छापलं होतं. पाटी बदलली. साहेबांनी त्याला मागच्या कोठारात बसवलं.

त्याच रविवारी तो आमच्या अंगणात उभा. माफी मागायला आलो नाही, म्हणाला, ती मागण्यासारखी नाही; तुमचा राग ऐकायला आलो.

मग मी बोललेच. पाटीवर बोलले, सहीवर बोलले, महिनाभराच्या गप्प बसण्यावर तर सगळ्यात जास्त. दम लागून मी थांबले, तेव्हा त्यानं हळूच विचारलं,

"संपलं?"

"नाही."

"जन्मभर पुरेल एवढं आहे?"

माझे डोळे भरले, ते रागानंच — निदान त्याला मी तसंच सांगितलं.

"आहे," मी म्हटलं. "बैस."