अकरा प्रोजेक्ट, एक ओळ

"अकरा मुलांचे प्रोजेक्ट डेटाबेसमधून गायब झालेत. पासवर्ड माझ्याकडे, म्हणून चोर मी," कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची ऑपरेटरबाई म्हणाली. "पाचपर्यंत खुलासा दिला नाही, तर नोकरी जाईल. घरी आजारी आई आहे."

खाजगी गुप्तहेर दाजींनी घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. तीन जिने चढून गुडघे बोलायला लागले होते. हल्ली त्यांना गुन्हेगारांपेक्षा जिन्यांचाच राग जास्त येई. बायकोने मदतनीस म्हणून गळ्यात मारलेला मेहुणा मागे धापा टाकत होता.

वाटेत एका दारावर स्क्रूची चार ताजी भोकं होती.

"इथे आमचे मोठे सर बसायचे. डेटाबेस त्यांनीच बांधला. काल निवृत्त झाले," बाई म्हणाली. "प्रोजेक्ट गायब झालेली अकराही मुलं त्यांच्याच हाताखालची."

लॅबच्या भिंतीवर सरांनी काढलेला डेटाबेसचा नकाशा होता. 'शिक्षक' या चौकटीतून 'प्रोजेक्ट'कडे बाण, शेजारी लिहिलेलं: 'वरचं गेलं की खालचंही'.

बाईने पुसल्याची नोंद उघडली. वेळ बारा चाळीस, खातं तिचंच. एकच ओळ.

"अकरा पुसले तर ओळी अकरा हव्यात," मेहुणा पुटपुटला. "दाजी, हिने दहा लपवल्या!"

"मग अकरावी कशाला ठेवेल?" दाजींनी बाईकडे पाहिलं. "तेव्हा कुठे होतात?"

"आईला घेऊन दवाखान्यात. पण तरुण मास्तर, विभागप्रमुख, सगळेच माझ्या नावाने आत शिरतात. पासवर्ड कपाटावर चिकटवलाय."

तरुण मास्तर त्या अकरा मुलांशी भांडला होता, पण बारा चाळीसला तो भरल्या वर्गासमोर शिकवत होता. उरले विभागप्रमुख. दाजींनी त्यांना लॅबमध्येच बोलावलं.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," ते म्हणाले.

"बाहेर बोर्डावर आजच्या तारखेची शिक्षकांची यादी आहे. कोणी छापली?"

"मीच, जेवणाच्या सुट्टीत. तेवढं येतं."

दाजी खुर्चीत टेकले. खरं सापडलं तरी आनंद व्हायचं वय राहिलं नव्हतं.

"यादी डेटाबेसमधूनच निघते. त्यात मोठ्या सरांचं नाव आलं, म्हणून तुम्ही ते पुसलंत. दारावरची पाटी काढलीत, तसंच. पण प्रत्येक प्रोजेक्ट सरांच्या नावाला बांधलेला होता आणि नियम भिंतीवर लिहिलाय. वरचं गेलं, खालचंही गेलं. म्हणून ओळ एक आणि प्रोजेक्ट अकरा."

विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. "माणूस गेला, आता नाव कशाला ठेवायचं, असं वाटलं."

"सर गेले. त्यांची मुलं अजून इथेच आहेत."

प्रमुखांनी खिशातली बाईच्या नावाची नोटीस काढून फाडली. बाईला रडू आलं. डोळे पुसून तिने कालची राखीव प्रत उघडली.

"आधी मुलांचे प्रोजेक्ट भरा, वेळ कमी आहे!" मेहुण्याने घाई केली.

बाईने एक भरून पाहिला. पडद्याने तो नाकारला.

"घेणार नाही. आधी सरांचं नाव लागतं."

तिने ते नाव लिहिलं. मग अकराही प्रोजेक्ट एकामागून एक आत गेले.

विभागप्रमुख उठून गेले. थोड्या वेळाने बाहेर सरांच्या दारावर कोणीतरी स्क्रू पिळत असल्याचा आवाज आला.