बंद ओव्हनमधले गरम दाणे

"पप्पा, तुमच्या लॅबमधल्या वारलेल्या मॅडम अजून कामावर येतात का?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या श्रद्धा आणि सोनालीने लावली होती. मी निकिता, दहावी ब. बेधडक विचारलं!

"येतात," पप्पा म्हणाले. "रजेचा अर्जसुद्धा देत नाहीत."

आई हसली. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या येरवड्याच्या घरात भूतबित चालत नाही.

म्हणूनच सांगते, यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही.

२५ डिसेंबर १९९७. गुरुवार. नाताळची सुट्टी. दुपारचा एक.

लॅबमध्ये पप्पा आणि मी, दोघंच. आणि गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार, लाईट सकाळी आठपासून गेलेली.

पप्पांचं काम म्हणजे पॉलिएस्टरमध्ये थोडं लिक्विड क्रिस्टल पॉलिमर मिसळायचं. वितळवून ओढलं की आत त्याचे बारीक तंतू तयार होतात, मातीच्या भिंतीत काड्या असतात ना, तसे. पट्टी खूप मजबूत व्हायला हवी. पण सहाच्या सहा पट्ट्या मशीनवर ताणताच तुटल्या होत्या. सातव्या पट्टीचा निकाल शुक्रवारी साहेबांना दाखवायचा होता. तीही तुटली तर प्रोजेक्ट बंद, पप्पांची नोकरीही.

"विजयमाला मॅडम असत्या तर..." पप्पा पुटपुटले.

मॅडम जूनमध्ये गेल्या. शिस्त कडक. पॉलिमरचे दाणे वितळवण्याआधी ओव्हनमध्ये नीट सुकवायचे, जरा ओल राहिली की पट्टी कच्ची. आणि ओव्हन उघडण्याआधी दारावर बांगडीने दोनदा वाजवायचं, म्हणजे जवळचा माणूस गरम झोतापासून बाजूला होतो.

पप्पा एकदम थांबले.

"दाणे मी दर बुधवारी संध्याकाळी ठेवतो..."

"आणि गुरुवारी लाईट जाते," मी म्हणाले.

पप्पांचा चेहरा उतरला. सहा आठवडे ओव्हन मधेच गार पडत होता! संध्याकाळी बघावं तर पुन्हा गरम, म्हणून कळलंच नाही. आजचे दाणेही वाया. नवे सुकवायला वेळ नव्हता.

तेवढ्यात...

टक... टक.

ओव्हनच्या दारावर.

आम्ही दोघंही ओव्हनपासून लांब होतो.

पप्पांनी दार उघडलं. गरम हवा तोंडावर आली. आतला थर्मामीटर... एकशे वीस.

पाच तास लाईट नव्हती.

संध्याकाळी लाईट येईपर्यंत पारा हलला नाही. मग पट्टी केली, मशीनवर लावली. मशीन ताणत राहिलं... ताणत राहिलं... आधीच्या सहांचा आकडा कधीच मागे पडला.

पप्पांनी नोंदवही उघडली. 'ओव्हन कोणी उघडला' या रकान्यात आजच्या तारखेपुढे सही होती.

वि. मा.

शाई बोटाला लागली.

"माझीच असेल," पप्पा म्हणाले.

पप्पांचं नाव बुद्धभूषण आहे.

प्रोजेक्ट वाचला. पण आता पप्पा घरातलं कपाट उघडतानाही दोनदा वाजवतात. आणि मी... आतून उत्तर येतंय का, ते ऐकत उभी राहते.

काल जेवताना सांगून टाकलं, "आई, पप्पा, कॉम्प्युटर क्लासला माझं नाव घालू नका. मी पॉलिमरच शिकणार. आणि या गुरुवारी ओव्हन मी उघडणार."