बोटभर चपला

वेर्नाच्या भाचीला जुळं झालं आणि वेर्ना त्यांच्या बाप्तिस्म्याला गेली नाही, त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. २००८ साल संपत आलं होतं. एरवी ओरेस्टच्या घरच्या रीतीप्रमाणे जानेवारीतला नाताळ कॅनडातल्या सास्काचेवानच्या बर्फात उरकायचा आणि मगच नवरा-बायकोनं मेक्सिकोची वाट धरायची, असा नेम होता. त्या वर्षी मात्र वेर्नानं डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बॅग भरली.

"थंडी सोसत नाही आता," ती म्हणाली.

ओरेस्टनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तो गाडीचं तेल-पाणी बघायला गेला.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या मेलाकेतला त्यांचा हा तिसरा हिवाळा. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, घरमालकीण दोन्या तोमासाच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या. सकाळी कोंबडे, मग गॅसवाल्याची आरोळी, मग पाण्याच्या जारवाला. दुपारी झावळ्यांच्या छपराखाली पत्ते. पासष्टी ओलांडलेल्या माणसांना याहून जास्त काय हवं असतं? वेर्नालाही काही नको होतं. जानेवारीतल्या त्या गुरुवारपर्यंत तरी.

त्या गुरुवारी ओरेस्टच्या शर्टाला बटणं हवीत म्हणून ती सुयादोऱ्यांच्या दुकानाकडे निघाली. नेहमीची गल्ली नळासाठी खणून ठेवलेली, म्हणून मंडईतून वळली. आणि थबकली...

समोरच्या कापडाच्या दुकानात ओरेस्ट उभा होता. गळ टाकायला धक्क्यावर जातो म्हणून जो सातला घर सोडून गेला होता, तो ओरेस्ट. शेजारी दोन्या तोमासा. काउंटरवर पांढऱ्या सॅटिनचं ठाण उलगडलेलं, आणि तोमासा त्याची कड ओरेस्टच्या हातावर धरून मोठ्यानं हसत होती. ओरेस्टनं दोन्ही हात पुढे धरले, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि मान हलवली. "याहून लहान," तो आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. "बरंच लहान."

वेर्ना पपयांच्या ढिगाआड झाली. बटणं न घेताच घरी आली.

दुपारी ओरेस्ट शीळ घालत जिना चढला.

"मासे?" तिनं विचारलं.

"नाही गं. आज पाणी फार गढूळ होतं."

"समुद्राचं?"

"...समुद्राचंच. दुसरं कुठलं असणार?"

"मला काय माहीत? तू सांगशील तेवढंच मला माहीत."

तो थांबला. मग मिशीतल्या मिशीत हसला. "आज फार गोड बोलतेयस, वेर्ना. काय हवंय?"

"काही नको. तुझ्या शर्टाला माशांचा वास येत नाही, एवढंच."

"म्हणजे जवळ येऊन हुंगलंस तर! बऱ्याच वर्षांनी."

एरवी ती हसली असती. आज तिनं त्याच्या बाहीवर चिकटलेला पांढरा दोरा दोन बोटांनी उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. ओरेस्टनं तो घेतला, खिशात ठेवला, आणि आंघोळीला गेला. दोरा! खिशात! टाकून दिला असता, तर कदाचित तिनं विषय सोडून दिला असता.

त्या दिवसापासून तिचा डोळा त्याच्यावरून हटेना. किती गोष्टी आतापर्यंत दिसल्याच नव्हत्या! दर दोन दिवसांनी मिशी कापणं. न्हाणीघरात दार लावून स्पॅनिश शब्द घोकणं. आणि ती सहा जानेवारी. तोमासानं दोघांनाही गोड पाव खायला बोलावलं होतं, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण म्हणून. "घरभर चिल्लीपिल्ली असतील, तूच जाऊन ये," असं म्हणून वेर्ना माडीवरच राहिली होती. ओरेस्ट अर्ध्या तासात परत आला, मिशीला साखर लागलेली, आणि रात्रभर गप्प होता. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याकडच्या नाताळची आठवण येत असेल.

शेजारच्या निळ्या ट्रेलरमध्ये मॅनिटोबाची आर्लीन राहायची. तीन लग्नं केलेली बाई, तिला या विषयातलं सगळं कळायचं.

"माझा पहिला असाच मासे धरायला जायचा," आर्लीन पत्ते पिसत म्हणाली. "आमच्या गावाला तळंच नव्हतं."

"ओरेस्ट तसला नाही."

"तसला कुणीच नसतो गं. किती वर्षांचा झाला?"

"एकाहत्तर."

"हं. हेच ते वय."

"तुझ्या मते प्रत्येक वय हेच ते वय असतं."

"आणि माझं कधी चुकलंय?"

वेर्नानं पानं उचलली आणि उगाच दुर्री टाकली.

खरं सांगायचं, तर ओरेस्टवर संशय घ्यायची तिला सवयच नव्हती. तो यॉर्कटनजवळ धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावरचा माणूस होता, पौंडाचाही फरक पडू न देणारा. त्यांची पहिली भेटही काट्यावरच झालेली. १९६३ चा सप्टेंबर. ती वडिलांच्या ट्रकमध्ये गव्हाच्या राशीपुढे बसून आली होती. हा पोरगा वर आकडा बघून म्हणाला, "मिस, खाली उतरा. तुमचा गहू विकायचा नाहीये ना?" ती उतरली. त्यानं पुन्हा आकडा पाहिला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "काय लिहिलंत?" तिनं विचारलं. "एकशे चौदा," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो तिला नुसतं उचलून आकडा सांगायचा. बरोबर सांगायचा.

असा मापाचा माणूस. मग हातांनी कोणाचं माप दाखवत होता तो?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिला उत्तर मिळालं, आणि ते न मिळतं तर बरं, असं झालं. ती जिना झाडत होती. पायरीखाली ओरेस्टचा गळांचा डबा होता. उघडला, तर एकही गळ ओला नाही. खाली कागदात गुंडाळलेलं काहीतरी मऊ. पांढऱ्या चामड्याच्या दोन चपला. तिच्या करंगळीएवढ्या. आणि बाजूला गुलाबी प्लॅस्टिकचं एक बाळ, शेंगदाण्याएवढं, हात वर केलेलं.

वेर्ना पायरीवर बसली.

एकेचाळीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, तिनं ओरेस्टला एक खोकं दिलं होतं. दुपटी, टोपरी, झबली. "जाळून टाक," ती म्हणाली होती. "आणि पुन्हा असलं काही या घरात आणायचं नाही. कधीच नाही. बोलायचंही नाही." त्यानं ते कोठारामागच्या पिंपात जाळलं आणि तिचा शब्द पाळला. वेर्ना पुढे चाळीस वर्षं कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसली. लोकांच्या विजारी सैल केल्या, लग्नाचे झगे आवळले. लहान बाळाचा कपडा मात्र तिनं हातात घेतला नाही.

आणि आता हा. दुसऱ्या कुणाबरोबर, हसत हसत.

"चपला? बाळाच्या?" आर्लीनचे डोळे विस्फारले. "अगं, तोमासा अठ्ठावन्न वर्षांची आहे!"

"मलाही मोजता येतं."

"तिची मुलगी तेकोमानला असते ना? ती आलीय म्हणे. पोट पुढे आलेलं दिसतंय."

"आर्लीन, तोंड बंद कर."

बाई म्हणून बाईचा मत्सर एक वेळ गिळता आला असता. पण खोकं जाळल्या दिवशी दोघांनी मिळून बंद केलेल्या दारापलीकडे ओरेस्ट तिच्यावाचून गेला होता, हे तिच्या घशाखाली उतरेना.

एकतीस जानेवारीला भलत्या वेळी पाऊस आला. अगदी हलका, झावळ्यांवर कुजबुजल्यासारखा. ओरेस्ट गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल ओढत होता.

"ओरेस्ट, उद्या दुपारच्या बसनं मी मान्सानियोच्या विमानतळावर जातेय. घरी चाललेय. तू राहा."

टॉवेल त्याच्या हातातच राहिला. "का गं?"

"थंडी आठवतेय."

"उणे तीस आहे तिकडे."

"इथे त्याहून जास्त वाटतेय."

त्यानं उरलेला टॉवेलही दोरीवरून ओढला. मग तो म्हणाला, "परवापर्यंत थांब. फक्त परवापर्यंत... वेर्ना?"

"परवा काय आहे?"

"परवा... परवा झालं की सांगतो."

"मग आज सांग."

त्यानं टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. एकेचाळीस वर्षांपूर्वी ते खोकं हातात घेताना त्याचा चेहरा असाच झाला होता, पण त्या क्षणी वेर्नाला ते आठवलं नाही. ती आत जाऊन बॅग भरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चांगला झगा घातला, केस विंचरले, आणि माडीची किल्ली घेऊन अंगण ओलांडलं. किल्ली परत करताना तोमासाला चार शब्द ऐकवायचे, असं ठरवूनच. शब्दही स्पॅनिशमध्ये पाठ केले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तोमासाचा आवाज आला.

"ओढू नका, सेन्योर ओरेस्ते! हात मोडेल त्याचा!"

"मग तुम्ही ओढा."

"मी ओढलं तर फाटेल!"

वेर्नानं दार ढकललं.

इस्त्रीच्या टेबलावर एक मातीचं बाळ उताणं पडलं होतं. चांगलं हातभर लांब, रंगवलेल्या गालांचं, काचेच्या डोळ्यांचं, नागडं. ओरेस्ट गुडघ्यांवर बसून त्याचे पाय धरून होता. तोमासा पांढऱ्या सॅटिनचा झगा त्याच्या डोक्यातून घालू पाहत होती, आणि झगा कानांपाशीच अडकला होता. चपला पायाच्या अंगठ्याला लटकत होत्या.

ओरेस्टच्या हातातून बाळाचे पाय सुटले.

"बरं झालं आलात, सेन्योरा!" तोमासा कपाळ पुसत म्हणाली. "तुमच्या नवऱ्यानं माझं नाक कापलं. उद्या कांदेलारिया! उद्या बाळ येशूला नवे कपडे घालून देवळात न्यायचं, आणि हे बघा! राजांच्या पावात ते इवलंसं बाळ यांच्या तुकड्यात निघालं. ज्याला निघतं तो धर्मपिता, त्यानं कपडे करायचे, अख्ख्या घराला मक्याच्या पानात वाफवलेले तमाल खाऊ घालायचे. माझा दीर तर गेल्या वर्षी टाळायला बाळ गिळून बसला. हे मात्र हो म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं यांच्या! मी म्हटलं, माप घ्या बाळाचं. तर म्हणाले, माप मला ठाऊक आहे. शिंपिणीलाही हातांनीच दाखवलं, चपलावाल्यालाही तसंच. मी हसले, म्हटलं, अहो एवढंसं कुणाचं बाळ असतं?"

वेर्नानं झग्याकडे पाहिलं. हातात घेतला. आपल्या हातावर पसरला. मनगटापासून कोपराच्या थोडं अलीकडे...

तिला ते माप ओळखू आलं. नऊ दिवस ते तिच्या याच हातावर झोपलं होतं. वेळेआधी आलेलं, साडेचार पौंडांचं.

"ओरेस्ट," ती हळूच म्हणाली. पाठ केलेले चारही शब्द कुठे गेले कोण जाणे.

"तू म्हणाली होतीस, घरात आणायचं नाही," तो खालूनच म्हणाला. "म्हणून डब्यात ठेवलं, जिन्याखाली. म्हटलं, जिना काही घरात नाही." त्यानं नाक ओढलं. "मी बाळाला बघितलंच नाही गं नीट. या. मातीच्या बाळाला. डोळ्यांसमोर आपलाच होता."

"एवढी वर्षं काट्यावर काढलीस आणि माप चुकलास?"

"चुकलो नाही," ओरेस्ट म्हणाला. "बरोबर होतं ते."

तिनं त्याला हात दिला. गुडघे कुरकुरले, तो उठला, आणि उठल्यावरही तिनं हात सोडला नाही.

"मला वाटलं, तुझं तोमासाशी काही..."

"माझ्याशी?" तोमासा किंचाळली. "यांच्याशी? सेन्योरा, हे जेवताना घड्याळ बघतात, बायको वाट बघत असेल म्हणून! असला पुरुष काय कामाचा?"

वेर्नाला हसू फुटलं. हसता हसता ते रडणं कधी झालं, तिलाही कळलं नाही. तोमासानं तिच्या पुढ्यात खुर्ची सरकवली.

मग वेर्नानं डोळे पुसले, मातीच्या बाळाच्या छातीभोवती, दंडाभोवती बोटांनी माप घेतलं आणि म्हणाली, "ओरेस्ट, वर जा. माझ्या बॅगेत सगळ्यात वर पांढरा पोशाख आहे, प्रवासात घालायला काढलेला. तो आण. आणि कात्री."

"तुझी बस?"

"माप घेतेय, दिसत नाही? आणि मग मंडईतून नव्या चपला आण. या वेळी बाळाला बरोबर घेऊन जा."

दिवसभर शिवणयंत्र चाललं. ओरेस्ट शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होता, तीनदा चुकून एकदा. मधेच त्यानं विचारलं, "म्हणजे तुला वाटलं, एखादी बाई अजून माझ्यावर भाळेल?"

"आर्लीनला वाटलं."

"आणि तू? मत्सर वाटला?"

"दोरा ओव."

"किती वाटला? पौंडात सांग."

"एकशे चौदा," वेर्ना मान वर न करता म्हणाली.

दोन फेब्रुवारीला ती दोघं बाळाला तबकात ठेवून मेणबत्त्यांमधून देवळात घेऊन गेली. पाद्र्यानं पाणी शिंपडलं तेव्हा वेर्नाच्या ओठांवर एक नाव आलं आणि ते ओरेस्टनं ऐकलं. अंगणात तमालांची पातेली उघडली, आर्लीननं पाच खाल्ले. तोमासानं लहान झगा आणि बोटभर चपला धुतल्या रुमालात बांधून वेर्नाच्या हाती दिल्या. "हे तुमचं, कोमाद्रे," ती धर्माच्या नात्यातल्या बाईला हाक मारावी तशी म्हणाली. तिच्या घरात धर्मपित्याचं काम तीन वर्षांचं असतं. ओरेस्टनं ते आठ वर्षं केलं. मधल्या उन्हाळ्यांत वेर्नानं भाचीच्या जुळ्यांचे कपडे शिवले, आणि दर वेळी मापाला त्यांना मांडीवर घेतलं.

तो रुमाल आता ओरेस्टजवळ आहे, त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, शवपेटी मिटायच्या आधी वेर्नानं ठेवलेला.

मार्को, नऊ दिवसांचा, ८ फेब्रुवारी १९६८ ला गेला. त्याचा बाप ओरेस्ट १९ नोव्हेंबर २०१६ ला, यॉर्कटनला, त्या वर्षी मेक्सिकोला निघायच्या दोन आठवडे आधी गेला.