तिसऱ्या भागातले श्वास

सोलणी आली आणि लोक जुन्या ध्वनिमुद्रणांना भिऊ लागले. तिचं शास्त्रीय नाव ‘ध्वनिविलगीकरण’, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. संत्र्याच्या फोडी सुट्या कराव्यात तसं हे यंत्र एकत्र मिसळलेले आवाज माणसागणिक सुटे करी. लग्नाच्या मांडवात कुणी काय कुजबुजलं होतं ते तीस वर्षांनी ऐकून भावाभावांनी बोलणं टाकलं. शेवटी कायदा झाला : प्रत्येकाला फक्त स्वतःचा, किंवा वारलेल्या आप्ताचा आवाज मागता येईल, आणि मूळ मुद्रण ज्याच्याकडे असेल, त्यानं ते दिलंच पाहिजे.

केतकी रेगेंकडे असं एक मूळ मुद्रण होतं. २०२७ साली मुंबईच्या एका सभागृहात ऐंशी वादकांनी सव्वा तासाची एक सिम्फनी वाजवली होती, एकोणिसावं शतक संपता संपता लिहिलेली. तिचा तिसरा भाग फार संथ होता आणि इतका हळू वाजायचा, की श्रोत्यांना श्वास रोखावा लागे. प्रत्यक्ष कार्यक्रमातलं ते ध्वनिमुद्रण केतकीनं केलं आणि त्यानं तिला नाव मिळालं. लोक म्हणत, “एवढं मोठं सभागृह, आणि एक खोकला नाही!”

खोकला नव्हता, कारण केतकीनं तो काढून टाकला होता. आणि तो खोकला नव्हताच.

आता ती अडुसष्ट वर्षांची होती. वसईहून सिल्विया तुस्कानो नावाच्या बाईंचं पत्र आलं : ‘माझे वडील आंद्रू तुस्कानो त्या कार्यक्रमात खुर्चीतच गेले. रांग जी, खुर्ची बारा. आई थकली आहे. पप्पांचा श्वास एकदा ऐकायचा म्हणते.’ पत्र तीन आठवडे खणात पडून राहिलं. मूळ मुद्रण हरवलं म्हणून कळवता आलं असतं. तसा मजकूर केतकीनं दोनदा लिहिला, दोनदा फाडला, आणि एका सकाळी मुद्रणाची डबी पर्समध्ये टाकून ती डॉ. सायमन पेणकरांच्या सोलणीच्या प्रयोगशाळेत गेली.

“पण श्वासासारखा बारीक आवाज सापडतो कसा?” तिनं विचारलं. “वर ऐंशी वाद्यं वाजताहेत.”

“तुम्ही मायक्रोफोन किती लावले होते?”

“चोवीस.”

“तेच तुमचं पुण्य म्हणा,” सायमन हसला. “बारा नंबरच्या खुर्चीतला आवाज या चोवीस जागी वेगवेगळ्या क्षणी पोचतो. फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचा असेल, पण तो फरक म्हणजे त्या खुर्चीचा पत्ता. यंत्र त्या पत्त्यावरचं तेवढं उचलतं, बाकीचं सोडून देतं. हं, शेजारचं थोडं मिसळतं. हातभर अंतर असतं ना.”

केतकीनं हेडफोन लावला. पहिली दोन मिनिटं तिला तोंडपाठच होती. आधी एक कण्हणं. मग घशात अडकलेला, ओढून घेतलेला श्वास. त्या संध्याकाळी तिनं हे नियंत्रण-खोलीत बसून ऐकलं होतं. रंगमंच-व्यवस्थापकाशी बोलायचं बटण तिच्या बोटाखाली होतं. दाबलं असतं तर वादन थांबलं असतं, दिवे लागले असते. पण तसा तिसरा भाग पुन्हा वाजला नसता. ‘खोकतंय कुणीतरी,’ असं तिनं स्वतःला सांगितलं. थोड्या वेळानं आवाज थांबला, तेव्हा तिला हायसंसुद्धा वाटलं होतं. टाळ्या संपल्यावर सगळे उठले, एक माणूस उठला नाही.

“इथे गेले ते,” ती म्हणाली.

“नाही, मॅडम. पुढे ऐका.” सायमननं तिच्याकडे न बघता सांगितलं. “अजून अकरा मिनिटं आहेत.”

आणि ती दोन मिनिटं संपून ही अकरा सुरू होताना, हातभर अंतरावरून, एका मुलीची कुजबुज आली : “पप्पा, आवाज नका ना करू. सगळे बघतायत.”

त्यानंतर कण्हणं नव्हतं. तोंडावर घट्ट हात दाबून, नाकानं जपून घेतलेले श्वास होते. अकरा मिनिटं. मग तेही नव्हते.

सिल्विया गुरुवारी केतकीच्या घरी आली. शेहेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. केतकीनं तिला चहा दिला आणि कप खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं : मी ऐकलं होतं, बटण दाबलं नाही, नंतर तो आवाज पुसला. तुमचे पप्पा वाचले असते.

सिल्वियानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “एकतीस वर्षं मला वाटायचं, कुणाला तरी ते ऐकू गेलं असेल.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट ओझं उतरल्यासारखा आला. “शेजारी मी होते. माझंही काही ऐकू येतं का त्यात?”

“नाही,” केतकी म्हणाली. “तुम्ही झोपला होतात.”

“मी झोपले नव्हते, ताई.” सिल्वियानं हेडफोनसाठी हात पुढे केला. “पप्पा चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. ही सिम्फनी मला ऐकवायचीच म्हणून त्यांनी मला आणलं होतं. मी काय बोलले ते मला ठाऊक आहे. त्यांनी ते ऐकलं का, एवढंच ठाऊक नाही.”

केतकीला उत्तर माहीत होतं. तिनं हेडफोन घट्ट धरून ठेवला. पण कायद्यानं त्यातला आवाज सिल्वियाचा होता, आणि तिनं हेडफोन हलक्या हातानं सोडवून घेतला.

तेरा मिनिटं केतकी समोर बसून राहिली. मध्येच एकदा सिल्वियानं डोळे मिटले, त्यावरून ते वाक्य येऊन गेल्याचं तिला कळलं. त्यानंतर त्या बाईच्या चेहऱ्याकडे तिला पाहवेना.

“ऐकलं त्यांनी,” अखेर सिल्विया म्हणाली. “मी गप्प बसायला सांगितलं, म्हणून बसले.”

“तुम्ही पंधरा वर्षांच्या होतात. मी सदतीस वर्षांची होते. बटण माझ्याकडे होतं.”

“तुमच्यावर रागावता आलं असतं, तर बरं झालं असतं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “आई घरी वाट बघतेय. पप्पांचा श्वास आणते म्हणून सांगून आलेय तिला. ताई, पहिली दोन मिनिटं काढता येतील? आणि माझं ते?”

पुन्हा असं काही कापायचं नाही, असं केतकीनं या तीन आठवड्यांत किती वेळा ठरवलं होतं. तिनं चष्मा लावला आणि ती आपल्या संपादनाच्या यंत्रापुढे बसली. काम चार मिनिटांचंही नव्हतं. जोड कुठेही जाणवत नव्हता. तिच्या हाताला अजून ते छान येत होतं.

उरलं ते दोघींनी मिळून एकदा ऐकलं. एक माणूस संगीत ऐकत सावकाश श्वास घेत होता, आणि घेता घेता थांबला होता.

“आई म्हणेल, किती शांतपणे गेले,” सिल्विया म्हणाली, आणि त्याची डबी तिनं पर्समध्ये ठेवली.