बिनरेघेचं घर

रंगाऱ्याचा एक ठाम सिद्धांत होता. भिंत बिघडली की घरमालक आधी नशिबाला दोष देतो, मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला आणि शेवटी रंगाऱ्याला. म्हणून कामाला हात लावण्याआधी तो भिंतीवर टिचकी मारून बघायचा, तळहात टेकवायचा, कोपऱ्यात नाक खुपसून वास घ्यायचा आणि मालकासमोर मोठ्या आवाजात निदान सांगायचा. "डॉक्टरसुद्धा एवढं करत नाहीत," त्याची बायको म्हणायची, "पण ते निदान घरी येताना केसांत चुना घेऊन येत नाहीत."

त्या शहरात रंगाऱ्याला कामाची ददात नव्हती. शहर राजधानीचं, पण वसलेलं अगदी ताटाच्या तळाशी. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि खाली दरवर्षी थोडी थोडी दबत जाणारी जमीन. सरकारी कचेऱ्या तेवढ्या उंचवट्यावर होत्या. बाकीचं शहर उतारावरून घरंगळत नदीच्या बांधापर्यंत आलेलं. दर दोन-चार वर्षांनी राजधानी इथून हलणार अशी आवई उठायची. "हलतील ती सरकारं," रंगारी म्हणायचा. "आपल्याला ओल आहे तोवर इथे मरण नाही."

सचिवालयात काम करणाऱ्या एका बाईंचं घर उताराच्या मध्यावर, तळमजल्यावर होतं. रंगाऱ्याने ते नुकतंच फिकट पिवळं करून दिलं होतं. दुसरा हात वाळला, बाई खूश झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"रंगारी, हे काय करून ठेवलंत? या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

चारही भिंतींवर कमरेच्या उंचीला एक रेघ होती. बोटभर रुंद, तपकिरी. वरची कड स्पष्ट, खालची धूसर. रेघेच्या खालचा पिवळा रंग मळकट झाला होता. रंगाऱ्याने तळहात टेकवला. भिंत ठणठणीत कोरडी होती. बोटाला मात्र पिठासारखा बारीक गाळ लागला, आणि त्याला नदीच्या तळाचा वास होता. पाऊस पडून कित्येक महिने झाले होते.

"ओल आहे, खालून चढलीय," त्याने मोठ्याने निदान सांगितलं. पण ओल कशी चढते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ती वेडीवाकडी, नकाशासारखी पसरत जाते. ही रेघ तर फूटपट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती. हे तो बाईंना बोलला नाही. डॉक्टरही सगळंच सांगत नाहीत.

त्याने भिंत खरवडली, ओल थांबवणारा लेप दिला, वर पुन्हा रंग चढवला. सकाळी रेघ तिथेच. त्याच उंचीला, त्याच रुंदीची. आणि आता ती फक्त भिंतीवर नव्हती. कपाटावर होती, पडद्यावर होती, खोलीत ठेवून गेलेल्या त्याच्या शिडीवरही होती. रंगाचे हजार डाग पडलेली ती शिडी, पण हा डाग तिच्यावर त्याने पाडला नव्हता.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला एक दाखवू? घाबरणार नाही ना?"

खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत त्यांची म्हातारी आई बसली होती. तिच्या गळ्याभोवती, हनुवटीच्या जरा खाली, तीच रेघ होती. बाईंनी ओला टॉवेल आणला आणि हलक्या हाताने पुसायला लागल्या.

"राहू दे गं," म्हातारी म्हणाली. "परत येते ती." मग तिने रंगाऱ्याकडे बघितलं. "रेघेच्या वर काही नाही हो. खाली मात्र फार गार लागतं."

रंगारी कसनुसा हसला. काहीतरी थातूरमातूर बोलून त्याने दिवसभराचं काम उरकलं. संध्याकाळी घरी पोचला तर बायकोने त्याला उंबऱ्यातच अडवलं. "कमरेपर्यंत कुठे बुडून आलात?" त्याने खाली बघितलं. पँट कमरेपर्यंत गाळाने करडी झाली होती. हात लावला तर कोरडी. त्या वेळी मात्र तो मनापासून घाबरला.

त्यानंतर शहरभरातून बोलावणी यायला लागली. वर, कचेऱ्यांच्या बाजूला, रेघ घोट्याएवढी होती. खाली यावं तशी ती गुडघ्याला, छातीला, डोक्याला लागत होती, आणि आणखी खाली दारांच्या चौकटींच्या वर गेली होती. रंगाऱ्याला त्यात नवल वाटलं नाही. नदी जितकी जवळ तितकी ओल जास्त, हे पोरालाही कळतं. लोकांना फक्त ती झाकून हवी होती. उघडपणे कोणी काही बोलत नव्हतं. सरकारी समितीने भिंतींतल्या क्षारांचा दोष आहे असं जाहीर केलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरी तळमजल्यावरची माणसं हळूहळू वरच्या मजल्यांवर झोपायला जाऊ लागली. का म्हणून विचारलं तर म्हणायची, खाली उकडतं.

आणि रंगाऱ्याच्या स्वतःच्या घरात रेघ नव्हती.

त्याचं घर अगदी तळाला, नव्या बांधाच्या पायथ्याशी होतं. बसकं, एकमजली, वर छोटीशी गच्ची. दारात उभं राहिलं की बांधाची भिंत दिसे, आणि तिच्या वर, नदीतून जाणाऱ्या बोटींचे फक्त शेंडे. त्याने टॉर्च घेऊन एकेक भिंत तपासली, कपाटं ओढून मागे बघितलं, माळ्यावर चढून छताचे कोपरे चाचपले. काही नाही. त्याची छाती अभिमानाने फुगली. नव्या बांधाने झिरपा अडवला, आणि उरलेलं काम आपल्या हाताने केलं, असा हिशेब त्याने बसवून टाकला. वरच्या गल्ल्यांतली माणसं ते घर बघायला येत. "नशीबवान आहात," म्हणत. "नशीब कसलं," तो म्हणे, "भिंतीला वेळच्या वेळी औषध दिलंय."

त्याची लेक उतारावर एका तळमजल्याच्या घरात राहत होती. जावई बोटीवर कामाला, अजून काही आठवडे तरी परतणार नव्हता. बाळ जेमतेम दीड महिन्याचं. तिच्या खोलीतली रेघ पाळण्याच्या चांगली वर होती, आणि रोज सकाळी बाळाला उचललं की त्याच्या दुपट्यातून गाळ झडायचा. लेकीने बॅग भरली होती. तिची सासू उंचवट्यावर, कचेऱ्यांच्या मागे राहायची. तिथे जायचं ठरलं होतं.

"तिकडे कशाला?" रंगारी म्हणाला. "आपलं घर काय ओस पडलंय?"

"बाबा, तिकडे घोट्याएवढीच आहे."

"पण आहे ना? थोडा ताप म्हणजे काय ताप नसतो? माझ्याकडे शोधूनसुद्धा सापडायची नाही. चल."

"आई, तू तरी सांग ना यांना."

"मी काय सांगू?" बायको म्हणाली. "ह्यांनी एकदा ठरवलं की झालं. आणि नातवंड चार दिवस माझ्याजवळ राहिलं तर मला नको आहे का?"

तर अशी ती माहेरी आली. रंगाऱ्याने तिची खोली आदल्या दिवशीच पुन्हा रंगवली होती, पांढरीशुभ्र, मुद्दाम. सकाळी उठल्या उठल्या तो आधी त्या भिंती बघायचा, मग बाळाला. दोन्हींवर रेघ दिसली नाही की त्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा. जेवणात कचकच लागत होती, दुपट्यांवर करडी धूळ बसत होती, पण बांधावरून मातीचे ट्रक जात होते, व्हायचंच. एकदा लेक म्हणाली, "बाबा, इथे आल्यापासून कानात दडे बसल्यासारखं होतंय. तुमचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं."

"झोप कमी पडते तुझी," तो म्हणाला.

त्याचा जुना दोस्त गवंडी. दोघे वर्षानुवर्षं एकाच घरात काम करत आले आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवत आले. त्या दिवशी दोघांना उतारावरच्याच एका घरात बोलावलं होतं. सकाळ कोरडी, लख्ख होती. समुद्रात वादळ असल्याचं रेडिओ सांगत होता, पण इथे झाडाचं पानही हलत नव्हतं.

"तुझ्या रंगाला आता चिखलाचे डोहाळे लागलेत वाटतं," गवंडी रेघ बघून हसला. मग जवळ जाऊन त्याने ती नीट न्याहाळली, आणि त्याचा हात सवयीने पिशवीतल्या पारदर्शक नळीकडे गेला. दोन ठिकाणांची उंची जुळवायला गवंडी ही पाण्याची नळी वापरतात. तिची दोन टोकं कुठेही धरा, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. त्याने एक टोक या घरातल्या रेघेला लावून रंगाऱ्याच्या हाती दिलं आणि दुसरं घेऊन खालच्या अंगाच्या शेजारघरात शिरला. तिथे रेघ जमिनीपासून दोन वीत जास्त उंच होती.

नळीतलं पाणी तिथल्या रेघेवर येऊन थांबलं.

मग त्यांनी त्याच्या खालचं घर बघितलं. मग त्याच्या खालचं. तोवर गवंड्याच्या तोंडचे विनोद संपले होते.

"ही ओल नाही रे," तो म्हणाला. "ओल अशी कुठे चालते? ही पातळी आहे. सगळ्या शहराला मिळून एकच रेघ आहे. ती चढत नाहीये, आपली जमीन खाली उतरत जाते."

"मग माझ्याकडे का नाही?"

गवंड्याने त्याच्याकडे बघितलं. मग उतारावरून खाली, बांधापर्यंत. नळी गुंडाळायची सोडून तो तसाच उभा राहिला.

"गच्चीवर बघितलंस का?" त्याने विचारलं.

रंगाऱ्याची नजर जन्मभर भिंतीवर. भिंत कुठल्या जमिनीवर उभी आहे ते बघायचं काम गवंड्याचं, असं तो थट्टेने म्हणत आला होता. आता तो धावत सुटला. चपला वाटेत कुठेतरी राहिल्या. उतार संपता संपत नव्हता, आणि प्रत्येक दारातून दिसणारी रेघ त्याच्याबरोबर वर वर चढत होती. छाती, डोकं, चौकट, छत. मग ती दिसेनाशी झाली.

घरात न शिरता तो बाहेरच्या जिन्याने गच्चीवर गेला.

पाण्याच्या टाकीभोवती रेघ होती.

त्याच्या छातीएवढी. बोटभर रुंद, तपकिरी. वरची कड स्पष्ट.

तिच्या खाली सगळं करडं होतं. कठडा, दोरी, दोरीवरची बाळाची दुपटी. शेजारच्या गच्च्यांवरच्या टाक्यांभोवतीही ती होती, ओळीने, एकाच उंचीला. टाकी कोणी रंगवत नाही. तिकडे कोणी निरखून बघितलंच नव्हतं.

घराला रेघ नव्हती, कारण अख्खं घर रेघेच्या खाली होतं.

आणि त्याने लेकीला आणि बाळाला उंचवट्यावर जाऊ न देता इथे आणलं होतं. स्वतःच्या हौसेने. 

तो जिना उतरला. अंगण ओलांडून दाराला हात घातला. दार उघडं होतं, नुसतं लोटलेलं, तरी ते ढकलायला त्याला खांदा लावावा लागला. पलीकडून दार अडवणारं काहीच नव्हतं.

"ऊठ," तो म्हणाला. "बाळाला घे. तुझ्या सासूकडे जायचंय. आत्ता."

लेक पाळण्याशेजारी बसली होती. नुकतीच नाहून, केस मोकळे सोडून. ती सावकाश त्याच्याकडे वळली आणि हसली.

"काय म्हणालात, बाबा?"

"ऊठ, गं! चल!"

"आत्ताच झोपलंय ते," ती म्हणाली.

वीज गेलेली होती. पंखा बंद होता. खिडकीच्या पडद्याची चुणीसुद्धा हलत नव्हती.

तिचे केस खांद्यावरून उचलले गेले. सावकाश, सगळे एकाच दिशेला, ते दाराकडून खिडकीकडे लहरू लागले, आणि पाळण्यात बाळाचं जावळही.