डाव्या सीटची तार

गाडीची किल्ली तुझ्याकडेच राहू दे, आणि परत जाताना चालवायलाही तूच बस. मामा एवढी छान गाडी चालवतात, मग हल्ली किल्ली भाच्याच्या हातात का देतात, असं तुझी बायको मघाशी हळूच विचारत होती. माझे कान अजून शाबूत आहेत. तेव्हा बसा दोघं. सांगतो, पण हे मोठ्या आवाजात सांगण्यासारखं नाही.

चौकातला चष्मेवाला माझा जुना मित्र. अर्ध्या गावाचे डोळे त्यानं तपासलेत. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुनी गाडी घेतली. त्यांची बायको वारली होती आणि तेव्हापासून गाडीही रुसून बसली होती. त्यांच्या मुलानं नवी बॅटरी घातली, धक्के मारून पाहिले, काही उपयोग नाही. चष्मेवाला नुसतं बघायला म्हणून आत बसला, किल्ली फिरवली आणि गाडी सुरू. मुलगा ओशाळला. म्हातारबाबा मात्र शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत उभे राहिले. यांना आता भाव वाढवायचा असणार, असं चष्मेवाल्याला वाटलं आणि त्यानं घाईघाईनं व्यवहार उरकला.

पुढे घरात निराळंच सुरू झालं. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची बायको, चांगल्या उंच. गाडीत बसल्या की त्यांचे गुडघे समोर आपटायचे, कारण डावी सीट पार पुढे ओढलेली असायची. त्या मागे ढकलायच्या. हा एकटाच कुठं जाऊन आला की सीट पुन्हा पुढे. पहिल्यांदा त्यांनी हसत विचारलं, कोण ही ठेंगणी तुमच्या शेजारी बसते? चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसत नव्हत्या. हा शपथा घ्यायचा की मी एकटाच असतो. शपथा वाढल्या तसा वहिनींचा संशयही वाढला. शेवटी त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढली. दोन दिवसांत भावाकडे जाऊन राहते म्हणाल्या, आणि कधी परत येणार ते सांगितलं नाही.

याला तर जेवण जाईना. अशातच वायपरचं पाणी भरायला म्हणून त्यानं बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या मागे एक काळी डबी दिसली. काडेपेटीएवढी. वर कंपनीचं नाव नाही, आकडा नाही, चारही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि एक तार पत्र्यातल्या भोकातून गाडीच्या आत गेलेली. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असलं काही नव्हतं. पेट्रोल पंपावरचा एक जण म्हणाला, हॉर्नचं काहीतरी असेल. दुसरा म्हणाला, साहेब, गाडी कुठं कुठं जाते ते कळायला लावतात तसलं दिसतंय. झालं. वहिनींच्या भावाचं दुकान कॅमेऱ्यांचं आणि अलार्मचं. याच्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन यानं सरळ विचारलं, माझ्यावर पाळत ठेवायला भावाला सांगितलंस का?

वहिनी उठल्याच. म्हणाल्या, चला टेस्टरकडे, आत्ताच्या आत्ता. काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे.

टेस्टर म्हणजे गाड्यांची वायरिंग करणारा. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून ते नाव पडलं. मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार होता, रात्रीचे साडेनऊ. तो शटर ओढतच होता. मी तिथं नव्हतो, पण तिघांकडून वेगवेगळं ऐकलंय आणि तिघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही.

टेस्टरनं दिवा धरला, चिकटपट्टी सोलली आणि हसला. म्हणाला, पाळत कसली, हा साधा रिले आहे. करंट सोडायचा किंवा तोडायचा, एवढंच याचं काम. वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. पण तार कुठं जाते ते टेस्टरला बघायचं होतं. गालिचा उचलत उचलत तो डाव्या सीटपर्यंत पोचला. सीटच्या गादीखाली एक बटणासारखी पट्टी होती. त्यानं किल्ली अर्धी फिरवून गादी हातानं दाबली. पुढून आवाज आला... टक. हात काढला. टक.

मग तो स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि किल्ली फिरवली. काही नाही. त्यानं वहिनींना शेजारी बसायला सांगितलं. गाडी एका झटक्यात सुरू.

तो म्हणाला, "कुणीतरी मुद्दाम करून घेतलंय. डाव्या सीटवर माणूस बसल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही."

वहिनी सावकाश खाली उतरल्या.

"म्हणजे तुम्ही एकदाही एकटे नव्हतात," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यानं पुन्हा शपथ घेतली. तो एकटा होता. रोज एकटा होता. आणि गाडी रोज सुरू होत होती.

वहिनी म्हणाल्या, "बसा आत. माझ्यासमोर एकट्यानं सुरू करून दाखवा. झाली तर बॅग परत माळ्यावर."

तो बसला. दार लावलं. वहिनी डाव्या खिडकीपाशी, टेस्टर उघड्या बॉनेटपाशी. मला तो नंतर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा कळेना की काय मागावं. सुरू झाली नाही तर बायको जाणार. आणि झाली तर...

त्यानं किल्ली अर्धी फिरवली.

काही नाही.

टेस्टर मान हलवणार, तेवढ्यात... सीट सरकली. पुढे. खाचेत अडकत, अडकत. एवढीशी.

मग गादी दबली.

टक.

चष्मेवाल्याचा हात किल्लीवरच होता. तो म्हणतो, मी फिरवली नाही. हाताचा धक्का लागला, तेवढीच फिरली असेल. इंजिन सुरू झालं.

वहिनींनी उजवीकडचं दार उघडलं, नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं आणि घट्ट धरून ठेवलं. त्या तेव्हा एकच वाक्य बोलल्या, "माझं चुकलं." टेस्टरनं तारा कापल्या, डबी काढून टाकली आणि गाडी नेहमीसारखी सुरू होईल अशी जोडून दिली. त्या रात्री दोघं चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला म्हातारबाबांकडे गेला. डबीचं सगळं सांगितलं. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, माझी नजर अधू झाली होती. एकट्यानं गाडी काढू नका म्हणून ती रोज सांगायची, मी ऐकायचो नाही. शेवटी शेवटी तर ती शेजारी बसल्याशिवाय गाडी सुरूच व्हायची नाही. उंचीनं एवढीशी होती. सीट पुढे ओढून बसायची, रस्ता बघायला.

चष्मेवाला तसाच दुकानात आला, दार आतून लावलं आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर स्वतः उभा राहिला. जगाचे डोळे तपासणारा माणूस, स्वतःचे कधी तपासले नव्हते. तिसऱ्या ओळीनंतर त्याला एक अक्षर लागेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महिन्याभरात ऑपरेशन झालं. त्यानंतर ती सीट कधी हलली नाही. तरी वहिनी त्या गाडीत बसायला तयार होईनात, म्हणून ती मी घेतली.

हो, हीच. खाली उभी आहे ती.

इतके महिने काही त्रास नाही. तारा कापलेल्या, डबी गेलेली. मी तर कधीकधी विसरूनही जायचो... गेल्या आठवड्यात एकटाच बाजारात जाऊन आलो आणि पिशवी काढायला डावं दार उघडलं. तेव्हापासून किल्ली तुझ्याकडे देतोय. सोमवारी चष्मेवाल्यानं मला बोलावलंय, तूच घेऊन चल.

काय गं, तू का अशी बघतेस? बोल ना.

...मघाशी येताना?

गुडघे आपटले तुझे?

अगं, दुपारी दूध आणायला तेवढा मी एकटा गाडी घेऊन गेलो होतो. आणि सकाळी ती सीट मी माझ्या हातानं पार मागे ढकलून ठेवली होती.